मज्जा म्हणजे मणका नव्हे! मूळपेशी दान करताना नेमकं काय होतं?



'अस्थिमज्जा दान' हे शब्द कानावर पडले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आधी पाठीचा कणा येतो. मग कण्यात खुपसलेली लांबलचक सुई येते आणि पाठोपाठ "पुढे जन्मभर पाठ धरली तर?" हा प्रश्न येतो. या भीतीत आपल्या भाषेचाही थोडा हात आहे. मज्जारज्जू, मज्जातंतू, मज्जासंस्था हे शब्द आपण शाळेत शिकतो आणि त्या सगळ्यांचा संबंध मेंदू आणि नसांशी असतो. साहजिकच अस्थिमज्जाही त्याच घरातली वाटते.

ती तशी नाही. आयुर्वेदाच्या सात धातूंमध्ये अस्थीनंतर जी मज्जा येते, ती ही: हाडाच्या पोकळीतला मऊ गर. मटणाच्या रश्श्यातली नळी ज्यांनी ताटावर आपटून, ओढून खाल्ली आहे, त्यांनी मज्जा पाहिलेलीच आहे. माणसाच्या लांब हाडांतली मज्जा वयानुसार बरीचशी चरबीने भरते आणि पिवळी पडते. रक्त तयार करणारी लाल मज्जा मोठेपणी मुख्यतः कमरेची हाडं, छातीचं हाड, बरगड्या आणि मणक्यांची हाडं यांत उरते. दानासाठी मज्जा घेतात ती कमरेच्या हाडातून. मज्जारज्जूच्या जवळपासही कुणी जात नाही.

आणि गंमत म्हणजे, आज बहुतेक दात्यांच्या हाडाला सुईसुद्धा लागत नाही. ते कसं, ते पुढे बघूच.

कारखाना आणि त्याचे बियाणे

तुम्ही हे वाक्य वाचताय, तेवढ्या वेळात तुमच्या मज्जेने काही कोटी तांबड्या पेशी तयार केल्या. निरोगी माणसात हा वेग सेकंदाला साधारण २० लाख इतका असतो. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, बिंबिका हे सगळं ज्या थोड्याशा पेशींपासून तयार होतं, त्या रक्ताच्या मूळपेशी. १९६१ साली टोरंटोमध्ये जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलक यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की मज्जेत अशा पेशी असतात. त्या रक्ताच्या वेगवेगळ्या पेशी तयार करतात आणि शिवाय स्वतःसारख्या नव्या मूळपेशीही तयार करतात. म्हणजे धान्यही पिकतं आणि पुढच्या पेरणीचं बियाणंही संपत नाही. दात्याचं काहीही कायमचं कमी होत नाही, त्याचं कारण हेच. मूत्रपिंड दिलं की एकच उरतं. मूळपेशी दिल्या की काही आठवड्यांत भरून येतात.

ज्याचा हा कारखानाच बिघडला आहे, त्याला दुसऱ्याचं बियाणं लागतं. ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग, मज्जा सुकून जाणारा अप्लास्टिक ॲनिमिया, थॅलेसेमिया, सिकल सेल अशा आजारांत प्रत्यारोपणाचा विचार होतो. यातले शेवटचे दोन आपल्याला परके नाहीत. सिकल सेल विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात मोठ्या प्रमाणावर आढळतो. इथे संयुक्त अरब अमिरातीतही हे दोन्ही आजार आहेत, आणि म्हणून लग्नाआधीच्या सक्तीच्या तपासणीत त्यांची चाचणी होते.

जुळायचं ते काय? रक्तगट?

नाही. रक्तगट वेगळा असला तरी चालतं. प्रत्यारोपण यशस्वी झालं की रुग्णाचा रक्तगट हळूहळू दात्याच्या रक्तगटासारखा होतो!

जुळावं लागतं ते एचएलए. आपल्या बहुतेक पेशींच्या पृष्ठभागावर काही प्रथिनं असतात, आणि त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात. इथल्या भाषेत सांगायचं तर हा पेशींचा एमिरेट्स आयडी. पांढऱ्या पेशी पोलिसांसारख्या गस्त घालतात, कार्ड तपासतात आणि अनोळखी कार्ड दिसलं की हल्ला चढवतात. मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणात भीती असते ती रुग्णाचे पोलीस नव्या अवयवावर तुटून पडण्याची. मज्जेच्या प्रत्यारोपणात नवं येतं ते पोलीस ठाणंच. दात्याच्या पेशी रुग्णाच्या सगळ्या शरीराची कार्डं तपासायला लागतात आणि ती पटली नाहीत तर त्वचा, आतडी, यकृत यांच्यावर हल्ला करतात. म्हणून इथे कार्ड इतकं काटेकोरपणे जुळवावं लागतं.

एचएलएचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. आईकडे दोन, वडिलांकडे दोन, म्हणजे मुलांत चार जोड्या संभवतात. सख्ख्या भावाशी किंवा बहिणीशी पूर्ण जुळण्याची शक्यता म्हणून २५ टक्के. आता थोडं गणित करू. सहा भावंडं असलेल्या रुग्णाला त्यांतलं निदान एक तरी जुळण्याची शक्यता सुमारे ८२ टक्के असते. दोन भावंडं असतील तर ४४, एकच असेल तर २५. आपल्या आजोबांच्या पिढीला घरातच दाता मिळण्याची शक्यता चांगली होती, पण तेव्हा हा उपचार नव्हता. आज उपचार आहे आणि घरात एकुलतं एक मूल आहे.

मग उरतो अनोळखी दाता. एचएलएचे प्रकार हजारो आहेत, आणि कोणते प्रकार एकत्र सापडतात ते पूर्वजांवर अवलंबून असतं. पिढ्यानपिढ्या ठरावीक जातींत, ठरावीक प्रदेशांत लग्नं होत आलेल्या आपल्या समाजात तर हे जास्तच खरं. कऱ्हाडच्या मुलाचा जुळता दाता नॉर्वेत सापडण्यापेक्षा आपल्याच लोकांत सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त. जगभरच्या नोंदण्यांमध्ये मिळून चार कोटींहून अधिक इच्छुक दाते आहेत, पण त्यांत गोऱ्या वंशाच्या लोकांचा भरणा मोठा आहे. अमेरिकेतल्या एनएमडीपी या नोंदणी संस्थेच्या आकड्यांनुसार तिथल्या गोऱ्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता ७९ टक्के आहे, तर आशियाई वंशाच्या रुग्णाला ४७ टक्के. आजार तोच, औषधं तीच, डॉक्टरही तेच. फरक पडतो तो आपल्यातले किती लोक यादीत आहेत याने.

२००७ साली कॅलिफोर्नियात भारतीय वंशाच्या दोन तरुणांना ल्युकेमिया झाला, तेव्हा त्यांच्या मित्रमंडळींनी अवघ्या काही आठवड्यांत २४ हजारांहून जास्त दक्षिण आशियाई लोकांची नोंदणी करून घेतली. दुर्दैवाने ते दोघंही पुढे वाचले नाहीत, पण ती नावं यादीत राहिली आणि नंतरच्या रुग्णांच्या उपयोगी आली. नोंदणी ही रुग्ण सापडल्यावर नव्हे तर आधी करायची गोष्ट आहे, हा त्यातला धडा.

(अर्धवट जुळणाऱ्या आईवडिलांच्या किंवा मुलांच्या पेशी वापरून आता प्रत्यारोपण होऊ लागलं आहे, आणि त्यामुळे खूप रुग्णांना वाट मिळाली. तरी पूर्ण जुळणाऱ्या दात्याची गरज संपलेली नाही.)

परळपासून अबू धाबीपर्यंत

भारतातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण मुंबईत झालं. १९८३ साली, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात. ल्युकेमिया झालेली नऊ वर्षांची मुलगी, दाता तिचा भाऊ, आणि डॉक्टर होते सुरेश अडवाणी. आठव्या वर्षी पोलिओ झाल्यापासून चाकाच्या खुर्चीत असलेले डॉ. अडवाणी हे तंत्र अमेरिकेत सिॲटलला डॉ. डॉनल थॉमस यांच्याकडे शिकून आले होते. त्याच थॉमस यांना पुढे १९९० साली नोबेल मिळालं. आज टाटाची ही उपचारपद्धती खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये चालते आणि बोरिवलीत मुंबई महापालिकेचं मुलांसाठीचं केंद्रही आहे.

आपण राहतो त्या देशात ही गोष्ट बरीच ताजी आहे. अबू धाबी स्टेम सेल्स सेंटरच्या पुढाकाराने इथला प्रत्यारोपण कार्यक्रम २०२० साली सुरू झाला. त्याआधी रुग्णाला परदेश गाठावा लागे. २०२२ साली अबू धाबीच्याच बुर्जील मेडिकल सिटीत देशातलं पहिलं लहान मुलाचं प्रत्यारोपण झालं. पाच वर्षांची युगांडाची मुलगी, आजार सिकल सेल, आणि दाता तिची दहा वर्षांची बहीण. परळला भाऊ होता, इथे बहीण.

फोन येतो तेव्हा

नोंदणी फारच सोपी आहे. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, अर्ज भरायचा, झालं. त्यातून तुमचं एचएलए काढून यादीत ठेवतात. बहुतेकांना पुढे कधीच फोन येत नाही. ज्यांना येतो, त्यांची आधी रक्ततपासणी करून जुळणी पक्की करतात, मग संपूर्ण वैद्यकीय तपासणी होते. तुम्ही दान द्यायला धडधाकट आहात का हे बघणारा डॉक्टर आणि रुग्णाचा डॉक्टर वेगवेगळे असावेत, असा चांगल्या केंद्रांचा संकेत आहे. कारण उघड आहे: एका डॉक्टरने एकाच वेळी दोघांचं हित कसं बघायचं?

यानंतर दोनपैकी एक वाट.

वाट पहिली: पाच दिवस इंजेक्शन

मूळपेशी एरवी मज्जेतच मुक्काम करतात. तिथल्या पेशी एक रासायनिक संकेत सोडतात आणि मूळपेशी त्याला जणू दोरीने बांधल्यासारख्या धरून असतात. रक्तात हजार पांढऱ्या पेशींमागे एकही मूळपेशी सापडत नाही. जी-सीएसएफ नावाचं संप्रेरकासारखं प्रथिन आपल्या शरीरात असतंच. संसर्ग झाला की ते वाढतं आणि पांढऱ्या पेशींचं उत्पादन जोरात सुरू होतं. तेच औषध म्हणून रोज एकदा किंवा दोनदा कातडीखाली टोचतात. मज्जेत पांढऱ्या पेशींची गर्दी होते, त्यांच्या विकरांमुळे ती दोरी सैल होते आणि मूळपेशी रक्तात वाहू लागतात.

हे जाणवतं कसं? मज्जेत एकदम गर्दी झाल्यामुळे हाडं ठणकतात, विशेषतः कंबर, मांड्या आणि छातीचं हाड. डोकं दुखतं, अंग मोडून येतं. माझा एक मित्र शारजात नोकरी करतो. धाकट्या बहिणीला ल्युकेमिया झाला तेव्हा तो रजा टाकून पुण्याला गेला होता. त्याने मला सांगितलं ते असं: "फ्लू यायच्या आधी कणकण येते ना, तशी पाच दिवस. फक्त फ्लू काही येत नाही. तिसऱ्या रात्री कंबरेत नाडीच्या ठोक्याबरोबर ठणका लागायचा. पॅरासिटामॉल घेतली की झोप यायची. घरात सगळे विचारत होते, फार दुखतंय का? पलीकडे ती केमोथेरपी घेत पडलेली. दुखतंय म्हणायचीच लाज वाटत होती."

या शेवटच्या वाक्यासाठी मी त्याला तेव्हाही टोकलं होतं, आणि तुम्हालाही सांगते: दुखत असेल तर सांगा. डॉक्टरांना ते कळायलाच हवं.

पाचव्या दिवशी संकलन. एका हाताच्या शिरेतून रक्त निघतं, यंत्रात फिरतं, मूळपेशी असलेला थर वेगळा होतो आणि बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत येतं. चार ते सहा तास आडवं पडायचं. कधी दुसऱ्या दिवशीही बसावं लागतं. दोन्ही हात अडकलेले असल्यामुळे नाक खाजवायलाही दुसरं माणूस लागतं. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात. ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. सांगितलं की कॅल्शियम देतात आणि मुंग्या जातात.

मग पिशवीतल्या मूळपेशी मोजतात. हे मोजण्याचं तंत्र माझ्या रोजच्या कामातलं आहे, म्हणून तो आकडा सांगते. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे निदान २० लाख मूळपेशी लागतात, ४०-५० लाख मिळाल्या तर उत्तम. ६० किलोच्या माणसाला ५० लाखांच्या हिशेबाने ३० कोटी पेशी. ऐकायला प्रचंड वाटतं, पण सगळं मिळून एका लहानशा पिशवीत मावतं. थंड पेटीत ठेवून ती पिशवी रुग्णापर्यंत नेतात आणि सलाइनसारखी शिरेतून चढवतात. शस्त्रक्रिया नाही, काही नाही. पेशी रक्तातून फिरत त्याच रासायनिक संकेताच्या मागावर आपली आपण मज्जेत जाऊन बसतात. पत्ता विचारावा लागत नाही.

वाट दुसरी: प्रत्यक्ष मज्जा

थॅलेसेमिया, सिकल सेल, अप्लास्टिक ॲनिमिया अशा आजारांत आणि लहान मुलांसाठी डॉक्टर बऱ्याचदा प्रत्यक्ष मज्जाच मागतात, कारण तिच्यानंतर दात्याच्या पेशींनी रुग्णावर केलेल्या दीर्घकालीन हल्ल्याचं प्रमाण कमी असतं. यासाठी पूर्ण भूल देतात. दात्याला पालथं झोपवून कमरेच्या हाडाच्या मागच्या कडेतून, दोन्ही बाजूंनी, पोकळ सुईने मज्जा ओढून घेतात. दिसायला ती घट्ट रक्तासारखीच असते. दात्याच्या वजनाच्या दर किलोमागे २० मिलिलिटर ही साधारण कमाल मर्यादा. एक-दोन तासांचं काम. टाके सहसा लागत नाहीत.

भूल उतरल्यावर कंबर दुखते, घसरून आपटल्यासारखी. जिना चढताना, गाडीतून उतरताना कळ येते. बहुतेकांना आठवडाभरात बरं वाटतं, काहींना दोन-तीन आठवडे लागतात. लोहाच्या गोळ्या देतात. मज्जा चार ते सहा आठवड्यांत भरून येते.

धोका किती?

"काही होत नाही हो" असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आकडे बघा. युरोपातल्या प्रत्यारोपण केंद्रांनी नोंदवलेल्या सुमारे ५१ हजार दानांचा आढावा २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात दात्यांचे पाच मृत्यू नोंदवलेले होते, म्हणजे साधारण दहा हजारांत एक. त्यानंतर दात्यांची निवड आणखी कडक झाली आहे. इंजेक्शनांच्या काळात प्लीहा सुजते आणि क्वचित फुटू शकते, म्हणून त्या दिवसांत जड उचलणं, क्रिकेट-फुटबॉल बंद. डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात दुखलं तर लगेच डॉक्टर. जी-सीएसएफमुळे दात्याला पुढे कर्करोग होतो का, हा प्रश्न सगळेच विचारतात. अनेक वर्षांच्या पाठपुराव्यात दात्यांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलेलं नाही.

'नाही' कधी म्हणायचं

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. दात्याच्या पेशी चढवण्याच्या काही दिवस आधी रुग्णाला तीव्र केमोथेरपी, कधी किरणोत्सारही देतात. त्याची जुनी मज्जा जाणूनबुजून नष्ट करतात. त्या क्षणापासून रुग्णाकडे रक्त तयार करणारं काहीच उरत नाही. दाता तेव्हा मागे फिरला, तर रुग्ण वाचणं जवळपास अशक्य.

कायद्याने दाता कधीही माघार घेऊ शकतो. नैतिकदृष्ट्या मात्र ती वेळ केमोथेरपीच्या आधीची. त्यामुळे नोंदणी करण्याआधी घरी बोलून घ्या. आईला सांगा, बायकोला सांगा, नवऱ्याला सांगा, मज्जा आणि मज्जारज्जूतला फरक समजावून सांगा. फोन आल्यावर माघार घेणाऱ्यांत स्वतः घाबरलेले असतात, तसे घरच्यांनी अडवलेलेही असतात.

कुटुंबातल्या दात्याची गोष्ट आणखी नाजूक. "तुझं जुळलंय, ताबडतोब ये" असा फोन कोल्हापूरहून आला तर दुबईतला भाऊ विचार करायला वेळ मागू शकतो का? मागू शकला पाहिजे. एचएलए जुळल्याचा निकाल आधी दात्याला एकट्याला कळावा, आणि त्याला जायचं नसेल तर "वैद्यकीय कारणाने चालत नाही" एवढंच घरी सांगितलं जावं, ही सोय अनेक केंद्रं देतात. ती हक्काने मागा. स्वखुशीने दिलेल्या दानाचं मोल त्यामुळे वाढतंच.

आपल्यासाठी चार कामं

१. भारतात असताना कॉलेजच्या किंवा कंपनीच्या शिबिरात गालाचा बोळा दिला होता का? चेन्नईची दात्री, बंगळुरूची डीकेएमएस, मुंबईची मॅरो डोनर रजिस्ट्री, कुठलीही असो, त्यांना तुमचा इथला नंबर आणि ईमेल आज कळवा. आखातात आलो की आपला पहिला बळी जातो तो भारतातला मोबाइल नंबर. जुळणारा दाता यादीत आहे आणि फोन लागत नाही, याहून वाईट काय?

२. अजून नोंदणी केली नसेल तर ती सहसा राहत्या देशातून करायची असते. अमेरिकेत एनएमडीपी, ब्रिटनमध्ये अँथनी नोलन किंवा डीकेएमएस. अमिरातीत असाल तर प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयात चौकशी करा. वयाची अट संस्थेनुसार बदलते, पण तरुण दात्यांना सगळीकडे प्राधान्य असतं. चाळिशीची वाट बघू नका.

३. कुटुंबासाठी जाणार असाल तर तपासण्या, इंजेक्शनं, संकलन आणि विश्रांती धरून दोन-तीन आठवड्यांची सोय करा. मज्जा द्यायची असेल आणि काम उभ्याने किंवा ओझ्याचं असेल तर आणखी थोडी. दानाच्या दुसऱ्याच दिवशी परतीचं तिकीट काढू नका.

४. मंडळाच्या गणेशोत्सवात रक्तदानाची माहिती देतोच, त्याच टेबलावर हीही द्या. निदान 'मज्जा म्हणजे मणका नव्हे' एवढं जरी दहा जणांना कळलं, तरी पुष्कळ झालं.

अनोळखी रुग्णाला दान केलं तर पहिलं वर्षभर सहसा दोघांची नावं एकमेकांना सांगत नाहीत. तुम्हाला फारतर कळेल की रुग्ण लहान मुलगा आहे, की पन्नाशीची बाई आहे. त्यानंतर दोघांची इच्छा असेल तर अनेक ठिकाणी भेट घडवतात. तोवर तुमच्या पेशी त्या शरीरात रुळलेल्या असतात, दर सेकंदाला नवं रक्त तयार करत असतात आणि त्या माणसाचा रक्तगट तुमचा झालेला असतो. 'रक्ताचं नातं' याहून शब्दशः कुठे सापडेल?

प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि तो नंबर कळवायचं तेवढं विसरू नका.